शिक्षक-पात्रता आणि राज्याची सीमा : महाराष्ट्रातील पदविका व सुरतेतील शाळा

प्रास्ताविक

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही भाग गुजरातेत आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे याच मार्गाने सुरतेत आली आणि कापड उद्योगाच्या आधाराने लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांतूनही चालतात. त्यामुळे महाराष्ट्रात मराठी किंवा उर्दू माध्यमातून अध्यापन-पदविका घेतलेल्या तरुणांना, विशेषतः विवाहानंतर सुरतेत आलेल्या मुलींना, तेथे नोकरीची आशा वाटणे स्वाभाविक आहे. आपली पदविका तिकडे चालेल काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. शिक्षकाची पात्रता ही एक वस्तू नसून पदविका, पात्रता परीक्षा आणि भरतीच्या अटी असे तिचे तीन थर आहेत. पहिला थर राज्याची सीमा सहज ओलांडतो. दुसरा अडखळतो. तिसरा बहुधा सीमेवरच थांबतो. हा भेद वेळीच न समजल्याने विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षे वाया जातात.

१. पदविका

१ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र व गुजरात हे मुंबई राज्याचे भाग होते. राज्ये वेगळी झाल्यावर प्रशिक्षणाची नावेही वेगळी पडली. महाराष्ट्रात ‘डी.एड.’ आणि गुजरातेत ‘पी.टी.सी.’ ही नावे रूढ झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ साली झाला आणि १९९५ मध्ये परिषद कार्यरत झाली. पुढे दोन्ही अभ्यासक्रमांना ‘डी.एल.एड.’ हे समान नाव मिळाले. परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता देशभरासाठी ठरविली. म्हणून महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त संस्थेची पदविका केवळ परराज्यातील आहे या कारणाने कमी दर्जाची ठरत नाही.

येथे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सदर कायद्याच्या कलम १७ (४) नुसार, मान्यता नसलेल्या संस्थेतून मिळविलेली अर्हता सरकारी किंवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी वैध धरली जात नाही. आपल्या प्रवेशाच्या वर्षी संस्थेला मान्यता होती काय, याचा पुरावा उमेदवाराने जवळ ठेवावा.

दुसरी बाब बी.एड.ची. २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती रद्द ठरविली. तेव्हा प्राथमिक वर्गांसाठी डी.एल.एड. हा मुख्य मार्ग आहे.

२. पात्रता परीक्षा

खरी अडचण येथून सुरू होते. शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, तर गुजरातेत गांधीनगरचे राज्य परीक्षा बोर्ड घेते. राष्ट्रीय परिषदेच्या फेब्रुवारी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एखादे राज्य दुसऱ्या राज्याच्या पात्रता प्रमाणपत्राचा विचार ‘करू शकते’. तो करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे महाराष्ट्राचे प्रमाणपत्र हातात असले, तरी गुजरातेतील जाहिरात राज्याची स्वतःची परीक्षा मागत असेल तर ती द्यावीच लागते. केंद्रीय पात्रता परीक्षा केंद्र सरकारच्या शाळांना लागू आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना केंद्राची किंवा राज्याची, कोणतीही एक परीक्षा ग्राह्य धरण्याची मुभा आहे.

पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. २०२१ मध्ये ते तहहयात वैध करण्यात आले. मात्र वैधता काळाने वाढली, भूगोलाने नव्हे. महाराष्ट्रात २०१७ पासून भरतीसाठी घेतल्या जाणाऱ्या अभियोग्यता चाचणीचे गुणही गुजरातेत उपयोगी पडत नाहीत. माध्यमिक वर्गांसाठी गुजरातेत ‘टॅट’ ही निराळी परीक्षा आहे.

३. भरतीच्या अटी

संविधानाच्या अनुच्छेद १६ (२) नुसार जन्मस्थानाच्या किंवा निवासाच्या कारणावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. परंतु भाषाज्ञानाची अट हा असा भेदभाव मानला जात नाही. पात्रता परीक्षेतील पहिली भाषा अध्यापनाच्या माध्यमाशी जोडलेली असल्याने मराठी व उर्दू माध्यमाच्या उमेदवाराला त्या शाळांत स्वाभाविक स्थान आहे. तरीही गुजरातने २०२३ मध्ये पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदा केला. महाराष्ट्राने मराठीसाठी असाच कायदा २०२० मध्ये केला होता. त्यामुळे गुजराती वाचता-लिहिता येणे ही सुरतेतील शिक्षकाची व्यावहारिक गरज आहे.

आरक्षणाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मुस्लिम समाजातील अनेक जमाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. पण या याद्या राज्यनिहाय असतात, आणि स्थलांतरिताला मूळ राज्याचा लाभ नव्या राज्यात सहसा मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९० व २०१८ मध्ये हेच तत्त्व सांगितले. पात्रता परीक्षा १५० गुणांची असते व उत्तीर्णतेसाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गाला महाराष्ट्रात ५५ टक्क्यांची सवलत आहे. समजा, एक उमेदवार ८५ गुणांवर महाराष्ट्रात पात्र ठरला. सुरतेत त्याला खुल्या प्रवर्गात धरले गेले, तर तेच ८५ गुण अपुरे पडतील.

४. महाविद्यालयीन अध्यापकांचा अनुभव

हा प्रकार महाविद्यालयीन अध्यापकांना परका नाही. ‘नेट’ देशभर चालते. मात्र १ जून २००२ नंतर झालेल्या ‘सेट’ची पात्रता ज्या राज्यातून मिळविली त्याच राज्यापुरती मर्यादित आहे. जळगावात राहून महाराष्ट्राची सेट उत्तीर्ण झालेला उमेदवार वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या महाविद्यालयात त्या बळावर साहाय्यक प्राध्यापक होऊ शकत नाही.

परदेशांत याहून निराळी पद्धत दिसते. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यावसायिक अर्हताविषयक निर्देशानुसार, एका देशाचा शिक्षक दुसऱ्या देशात गेल्यास दोन्हीकडील प्रशिक्षणातला फरक तपासला जातो. फरक मोठा असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षांचा देखरेखीखालील अनुभव किंवा एक चाचणी मागितली जाते. संपूर्ण पात्रता नव्याने सिद्ध करावी लागत नाही, उणीव तेवढी भरावी लागते. स्वतंत्र देशांना जे जमले, ते एकाच देशातील दोन शेजारी राज्यांना अशक्य नसावे. मराठी व उर्दू माध्यमाच्या उमेदवारांकडून स्थानिक भाषेची व स्थानिक नियमांची छोटी चाचणी घेऊन बाकी पात्रता मान्य करणे, हा त्याचा साधा मार्ग ठरू शकेल.

५. विद्यार्थ्यांना काय सांगावे?

(अ) प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता तपासावी. (आ) सुरतेला जाण्याची शक्यता असल्यास गुजरातची पात्रता परीक्षा जाहीर होताच अर्ज करावा, स्थलांतराची वाट पाहू नये. (इ) केंद्रीय परीक्षाही द्यावी, म्हणजे खाजगी शाळांचा मार्ग खुला राहतो. (ई) सवलत असली तरी ९० गुणांचेच उद्दिष्ट ठेवावे. (उ) गुजराती लिपी व व्यवहारभाषा पदविकेच्या काळातच शिकावी.

अल्पसंख्याक संस्थांतील नोकरीवर विसंबून परीक्षा टाळणेही आता हिताचे नाही. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविला. इतर शाळांतील, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांना मात्र दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले.

समारोप

पदविका विद्यार्थ्याच्या हाती देणे येथे महाविद्यालयाचे काम संपत नाही. ती कोठवर चालते आणि पुढे काय जोडावे लागते, हे पहिल्याच वर्षी सांगणारा अध्यापक विद्यार्थ्याची कित्येक वर्षे वाचवितो. सुरतेतील मराठी व उर्दू शाळांना शिक्षक हवे आहेत आणि खानदेशात शिकलेले शिक्षक नोकरी शोधत आहेत. या दोहोंमधील अंतर कमी करण्याचे काम वर्गातून सुरू करता येण्यासारखे आहे.