अठरा पूर्ण झाले, आता फी कोण भरणार?

समजा, जुळी भावंडं आहेत. दोघंही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आई-बाबा वेगळे झालेत, मुलं आईकडे राहतात आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी बाबांकडून दर महिन्याला येते. अठरावा वाढदिवस दोघांचा एकत्रच होतो. पण त्या दिवसापासून कायदा दोघांकडे वेगळ्या नजरेने बघतो. बहिणीला पुढेही खर्च मागता येतो. भावाचा हक्क मात्र बहुतेक वेळा तिथेच संपतो.

‘पोटगी’ म्हटलं की आपल्याला फक्त बायकोला मिळणारे पैसे आठवतात. मुलांचा हक्क मात्र स्वतंत्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (1 जुलै 2024 पूर्वी हेच कलम 125 होतं) कुठल्याही धर्माच्या, औरस किंवा अनौरस अल्पवयीन मुलाला हा हक्क देतं.

रक्कम ठरते कशी?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं गणित वेगळं. न्यू यॉर्कमध्ये आई-वडिलांचं उत्पन्न एकत्र धरतात. ठरावीक मर्यादेपर्यंत त्याचे 17 टक्के एका मुलासाठी, 25 टक्के दोघांसाठी. मग तो बोजा दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जातो आणि साधारणपणे मूल 21 वर्षांचं होईपर्यंत चालतो.

आपल्याकडे असा फॉर्म्युला नाही. ‘पगाराच्या 25 टक्के’ हे ऐकलं असेल, पण तो आकडा सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या एका निकालातला आहे आणि तोही बायकोच्या पोटगीबद्दलचा. मुलांसाठी तो नियम नाही.

मुलांच्या पोटगीची पद्धत स्पष्ट झाली ती नागपूरच्या एका प्रकरणातून. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नवरा-बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचे. मुलांच्या खर्चात जेवण, कपडे, घर, औषधपाणी आणि शिक्षण तर येतंच, पण क्लासची फी आणि व्होकेशनल कोर्सही येतात. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांचा. आई पुरेसं कमावत असेल तर कमाईच्या प्रमाणात दोघांचा. आणि पोटगी मोजायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. या प्रकरणातल्या मुलाला कौटुंबिक न्यायालयाने सुरुवातीला महिना 5 हजार आणि दोन वर्षांनंतर 10 हजार रुपये अंतरिम पोटगी दिली होती.

अठरानंतर काय?

कलम 144 मध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी अट आहे. शारीरिक किंवा मानसिक कारणाने मूल स्वतःचा सांभाळ करू शकत नसेल, तरच अठरानंतर हे कलम कामी येतं.

मुलींसाठी दुसरी वाट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 (बौद्ध, जैन आणि शीखांनाही लागू) यातल्या कलम 20 नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तोपर्यंत तिला निर्वाह खर्च मागता येतो. त्यासाठी या कायद्याखाली दाद मागावी लागते, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2020 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये आणखी एका प्रकरणात कोर्ट म्हणालं, की ऐपतीच्या मर्यादेत आई-वडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे.

आणि मुलगा? 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टाने मान्य केलं, की मूल अठराचं झालं म्हणून त्याचा खर्च थांबत नाही. मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याच्या आईला महिना 15 हजार रुपये देण्याचा आदेश झाला. पण तो एका प्रकरणातला निर्णय. मुलासाठी कायद्यात तशी तरतूद नाही.

आज काय करता येईल?

फीची पावती, होस्टेलचं बिल, बसचा पास, क्लासची रिसीट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. खर्च वाढला तर रक्कम बदलून मागता येते. हप्ते थकले तर कलम 144 खालच्या वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अल्पवयीन मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

घरात धाकटा भाऊ असेल, तर आईशी हे आत्ताच बोला. त्याच्या अठराव्या वाढदिवसाआधी जे मागता येतं, ते त्यानंतर मागणं फार अवघड होतं.