जुना संगणक घ्यावा की नवा?

चौलच्या वाडीत सुपारीचा हिशेब ठेवायचा असो की आपल्याकडे उसाच्या खेपांचा, वहीएवढा छोटा संगणक पुरतो. जुन्या बाजारात डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो आणि ३०६० मायक्रो दिसायला जुळे भाऊच. पण पहिल्यात इंटेलची सातवी पिढी, दुसऱ्यात आठवी. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ रीतसर बसते ती साधारण आठवीपासून. तेव्हा दोन पैसे जास्त गेले तरी ३०६० च बघा. लिनक्सवर भागत असेल, तर सातवीलाही नावे ठेवायचं कारण नाही. चौलसारख्या खाऱ्या हवेतला माल असेल, तर मात्र झाकण उघडून आत गंज चढलाय का ते आधी पाहावे.