माकड मेलेले दिसले, तर लगेच खबर द्या

डिसेंबर उजाडला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील कष्टकरी माणसे जंगलाकडे वळतात. कोणी लाकूडफाट्याला, कोणी पातेरा गोळा करायला, तर कोणी काजूच्या बागेत मजुरीला जाते. याच दिवसांत, साधारण मे महिन्यापर्यंत, माकडतापाचा जोर असतो.

हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात प्रथम ओळखला गेला. पुढे तो २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात पसरला.

नावात माकड असले, तरी दोष माकडाचा नाही. या रोगाचा विषाणू गोचीड पसरवते. तिळाहून लहान अशी कोवळी गोचीड पालापाचोळ्यात दबा धरून असते. ती चावली की माकडही आजारी पडते आणि मरते. त्याचे शरीर थंड झाले, की अंगावरच्या गोचिडी उतरून भोवती पसरतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला चावतात. अखंड जंगलापेक्षा जिथे जंगल तुटून बागा, शेते आणि वस्ती एकमेकांना भिडली आहेत, तिथे धोका अधिक असतो. म्हणजे जंगलाचे आरोग्य बिघडले की त्याची झळ आधी मजुराच्या घराला लागते.

म्हणूनच आम्ही सांगतो, या रोगाची पहिली खबर दवाखान्यात नव्हे, रानात मिळते. ती गुराख्याला आणि मोळी आणणाऱ्या बाईला सर्वांत आधी कळते. मेलेले माकड किंवा वानर दिसले, तर त्याला हात लावू नका, जवळ जाऊ नका. त्याच दिवशी आशाताई, ग्रामपंचायत किंवा वन विभागाला कळवा. नमुना पुढे तपासला जातो, जागेवर औषध फवारता येते आणि वस्तीला वेळीच सावध करता येते.

रानात जाताना अंगभर कपडे घाला. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावा. जमिनीवर, पातेऱ्यावर बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात भिजवा. गुरांच्या अंगावरील गोचिडींचाही पशुवैद्यकाकडून बंदोबस्त करून घ्या.

अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या किंवा हिरड्या-नाकातून रक्त, यांपैकी काही जाणवले, तर अंगारे-धुपारे आणि मनाने घेतलेल्या गोळ्या यांत दिवस घालवू नका. जंगलात गेला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या तापावर नेमके औषध नाही. जुनी लसही आता बंद झाली आहे. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावू शकतात. मात्र वेळेवर उपचार मिळाले, तर बहुतेक जण बरे होतात. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. त्यामुळे रुग्णाच्या घराला दूर लोटण्याचे काहीच कारण नाही.

‘जंगलात जाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे, पण ज्याची चूल त्या मोळीवर पेटते त्याने काय करावे? म्हणून नोव्हेंबरच्या ग्रामसभेत आपण मिळून तीन गोष्टी मागूया : हंगामाआधी प्रत्येक मजुराला मोफत तेल, मेलेल्या माकडाची खबर देण्यासाठी वस्तीत एक ठरलेली व्यक्ती आणि रक्त तपासणीची जवळ सोय. विहारातील पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मागणीवर सह्या करा.