तीन न्यूटनचा वाद

यंत्राच्या हाताला लागलेला जोर दूर बसलेल्या माणसाच्या हाताला जसाच्या तसा कळावा, ही हॅप्टिक्स या शास्त्राची मूळ मागणी आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ हाताळणारे जोडहात बनवले. भिंतीपलीकडचा चिमटा अडला की अलीकडच्या मुठीला ते समजे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे हात तयार झाले. त्यांत निरोप पोचवण्याचे काम पोलादी फिती आणि तारा करीत. तारांच्या जागी नेटवर्क आले तेव्हा खरी पंचाईत झाली.

स्पर्श खरा वाटावा म्हणून जोराची नोंद सेकंदाला सुमारे 1000 वेळा घ्यावी लागते. उशीर चालत नसल्याने नोंदी साठवून एकत्र पाठवता येत नाहीत. प्रत्येकीला वेगळे पॅकेट लागते, म्हणजे एकेका पत्रासाठी अख्खी एसटी सोडण्यासारखेच. हाताला कळणारच नाही तो बदल पाठवू नये, हा यावरचा उपाय. पण काय कळणार नाही, हे कोणी ठरवायचे?

यासाठी संशोधक लाइपझिगच्या अर्न्स्ट हाइनरिश वेबर यांच्याकडे वळले. हातावर वजने ठेवून या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1834 साली लॅटिनमध्ये निष्कर्ष मांडला: जेमतेम कळणारा फरक मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असतो. त्याला वेबरचा नियम हे नाव पुढे लाइपझिगचेच भौतिकशास्त्रज्ञ फेखनर यांनी दिले. 2008 साली म्युनिकचे संशोधक आणि आयआयटी मुंबईचे सुभाषिस चौधुरी यांनी याच नियमावर पॅकेटांची संख्या 90 टक्क्यांपर्यंत घटवून दाखवली.

पवईच्या याच आयआयटीत मात्र या नियमाचीच उलटतपासणी झाली. अमित भारद्वाज, चौधुरी आणि ओंकार दबीर यांचा 2014चा निबंध या विषयातला सर्वांत वाचनीय दस्तऐवज म्हणावा लागेल. 10 जणांच्या हाती कमाल 3 न्यूटन, म्हणजे साधारण 300 ग्रॅम वजनाइतका, जोर देणारे उपकरण दिले. बदल जाणवला की बटण दाबायचे. मग प्रमाण पाहणारा वेबरचा नियम आणि ठरावीक पायरी ओलांडली की नोंद पाठवणारी साधी पद्धत यांची झुंज लावली. दोन्हींचा अंदाज 90 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर आला, पण साधी पद्धत प्रत्येक वेळी थोडी सरस ठरली. सेकंदाला सरासरी 10 नोंदी पाठवताना तिची चूक 3 डेसिबलने कमी, म्हणजे जवळपास निम्मी भरली. याचे एक कारण उघड दिसते. जोर शून्याजवळ गेला की वेबरची पायरी अतिसूक्ष्म होते आणि न जाणवणारे बदलही पाठवले जातात. तरीही 10 माणसे आणि 3 न्यूटन एवढ्यावरून वेबरला निकालात काढणे घाईचे ठरेल.

सिंधुदुर्गातल्या बांद्याहून उपचारासाठी गोव्यात बांबोळीला जाणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. दूरच्या डॉक्टरने यंत्राच्या हातांनी करायची दूरशस्त्रक्रिया बांद्यापर्यंत यायची तर चित्राइतकाच स्पर्शही नेटवर्कवर टिकला पाहिजे. चर्चा मात्र कॅमेऱ्यांचीच होते.

भारद्वाज आणि चौधुरी यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली: जोर सावकाश बदलला तर हाताला तो उशिरा, मोठा फरक पडल्यावरच कळतो. ही भर वेबरच्या नियमात बसत नाही. माणसाला स्पर्श करणाऱ्या यंत्राचे गणित मांडताना जोराबरोबर त्याच्या बदलाचा वेगही धरावाच लागतो.