र, आर आणि दोन रेघा

एक कागद घ्या. त्यावर रोमन लिपीतला मोठा 'आर' काढा आणि त्याची डावीकडची उभी काठी खोडरबरानं पुसून टाका. काय उरलं? वरचा गोलवा आणि खालचा तिरपा पाय. आता शेजारी आपला 'र' काढा. आहे की नाही कमाल? दोन्ही आकार जवळजवळ एकच! डोक्यावर एक आडवी रेघ ओढा, तिच्याखाली थोडी जागा सोडून दुसरी ओढा. झाला तुमचा ₹.

इतकं सोपं होतं, तर २०१० उजाडेपर्यंत थांबावं का लागलं?

तोवर आपण 'रु.' लिहून काम भागवत होतो. इंग्रजीत 'आर' आणि 'एस' जोडून लिहायचो, पण तेच पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकाही लिहायचे. डॉलर, पौंड, येन, युरो यांना स्वतःचा चेहरा होता, रुपयाला नव्हता. २००९ मध्ये अर्थ मंत्रालयानं खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून जास्त चिन्हं आली. रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नरांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळानं त्यांतली पाच निवडली आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं एकावर मोहोर उमटवली. ते चिन्ह होतं डी. उदय कुमार यांचं. पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी पीएचडी केली. विषय? तमिळ अक्षररचना.

तमिळ! खरी गंमत इथंच आहे. तमिळ लिपीला शिरोरेघ नसते. आपण पहिलीपासून ती इतक्या वेळा ओढलेली असते की ती आपल्याला दिसेनाशी होते. लिहिण्याच्या घाईत तर आपण ती खुशाल गाळतो. शिरोरेघ नसलेल्या लिपीत मुरलेल्या माणसाला मात्र ती ठळक दिसली असणार, असं मला वाटतं. देवनागरी अक्षरं लोकलमधल्या प्रवाशांसारखी वरच्या दांडीला लोंबकळतात, तर रोमन अक्षरं फलाटावर पाय रोवून उभी असतात. हे चिन्ह दोन्ही करतं, वरून लटकतं आणि खाली पायावर उभंही राहतं!

आणखी एक नवल ऐका. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीत 'र' कसा काढत? एक उभी रेघ. बस्स, जवळपास तेवढंच. कुठं ती फक्त उभी रेघ आणि कुठं आजचा र, जो उभी काठी काढून टाकलेल्या 'आर'सारखा दिसतो! दोन हजार वर्षं लेखण्या, ताडपत्रं, ताम्रपट आणि छापखान्यांमधून हिंडत हे अक्षर अशा जागी येऊन पोचलं, की त्याचा आकार विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडावा. डिझायनरला प्रेरणा कुठून मिळते, असं लोक विचारतात. या बाबतीत उत्तर सरळ आहे: बाराखडीतून.

दोन रेघांचं गणितही बघा. युरोला दोन आडव्या रेघा आहेत, येनलाही. त्यांच्या पंगतीत बसायचं तर काहीतरी घराणं जुळायला हवं. भारताशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसानं हे चिन्ह पाहिलं तरी त्याला कळतं, हे कुठल्या तरी देशाचे पैसे आहेत.

पण सुचणं हे अर्धंच काम. दुसरं अर्धं म्हणजे ते समोरच्याला पटवणं, आणि मला विचाराल तर तेच जास्त अवघड. विचार करा: अंतिम निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत होणार होता आणि तिथं डिझायनर नसणार. त्याची बाजू दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून मांडली जाणार! मग चिन्हाबरोबर दुसऱ्याला सहज सांगता येतील अशी वाक्यंही द्यावी लागतात. उदय कुमारांच्या मांडणीत ती होती. हा देवनागरी र, हा रोमन आर. दोन रेघा आणि मधली पांढरी जागा म्हणजे तिरंगा. त्याच रेघा म्हणजे बरोबरचं चिन्ह. तिरंग्याचा मुद्दा मला जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. तरी अक्षरप्रेमी, राजकारणी, हिशेबनीस अशा प्रत्येकाला धरायला त्यात एकेक दोरा आहे, हे कबूल करावंच लागतं.

या कलेतले उस्ताद म्हणजे अमेरिकन डिझायनर पॉल रँड. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या नव्या 'नेक्स्ट' कंपनीच्या बोधचिन्हासाठी त्यांना गाठलं आणि दोन-चार पर्याय मागितले. रँड नाही म्हणाले! एकच चिन्ह, मोबदला एक लाख डॉलर. सोबत एक पुस्तिका दिली. तिच्यात नाव आधी वेगवेगळ्या वळणांत लिहून बघितलंय, मोठी अक्षरं की छोटी याची चर्चा केलीय, आणि चिन्ह नंतर येतं. तिथवर पोचलेल्या वाचकाला वाटतं, हे तर आपल्यालाच सुचलं असतं.

मंजुरीनंतर ₹चं पुढं काय झालं? कामाचा डोंगर उभा राहिला. चिन्ह म्हणजे एक चित्र नव्हे. ते प्रत्येक फाँटमध्ये, त्या फाँटच्या वळणानं नव्यानं काढावं लागतं. ठळक फाँटमध्ये दोन रेघा जाड होतात आणि मधली फट बुजू लागते. ती उघडी कशी ठेवायची? रकान्यातल्या आकड्यांची रुंदी सारखी असते, मग ₹ही तेवढ्यातच बसवायचा. बारीक अक्षरात तर आजही त्या फटीचे हाल होतात.

ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडनं चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला, पण संगणकांपर्यंत तो पोचायला वेळ लागणार होता. तोवर लोक थोडेच थांबणार? मंगळूरच्या फोरेडियन या कंपनीनं एक फाँट फुकट वाटला. कीबोर्डवर एकच्या डावीकडं, कुणी फारशी न वापरलेली एक कळ असते. ती दाबली की एक तिरपा बारीक फराटा उमटतो. या फाँटमध्ये त्या फराट्याच्या जागी ₹ बसवलेला होता. युक्ती नामी, पण ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही, त्याला नुसता फराटाच दिसायचा.

तेव्हा एखाद्या जुन्या निविदेत किंवा वार्षिक अहवालात रकमेच्या आधी असा एकटा तिरपा फराटा दिसला, तर छपाईची चूक समजू नका. ते रुपयेच आहेत.