हॉर्न देता की मारता?

बीडच्या बसस्टँडसमोर पाच मिनिटं उभं राहा, कान किटतात. पण 'हॉर्न' हा शब्द आला कुठून, कधी विचार केलाय?

इंग्रजीत हॉर्न म्हणजे जनावराचं शिंग. पूर्वी पोकळ शिंग फुंकून लांबच्या माणसाला इशारा द्यायचे. मोटार आली आणि तिच्या भोंग्यालाही तेच नाव चिकटलं. आपलं 'रणशिंग' त्यातलंच!

मराठीनं शब्द उसना घेतला, क्रियापदं मात्र स्वतःची लावली. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर आपण हॉर्न 'देतो'. समोरच्याला सावध करतो, म्हणजे शिंगाचं मूळ काम. सिग्नलला मात्र हॉर्न 'मारतो', आणि पुढच्या आजोबांना तो खरंच लागतो. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' म्हणजे तर उघड आमंत्रण. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्यावर बंदी आणली. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनं विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १००० रुपये दंड आलाय.

तेव्हा दोस्तांनो, किक मारा, सेल्फ मारा, कॉलेजच्या गेटवर गप्पाही मारा. हॉर्न मात्र द्या, तोही गरजेपुरता!