जुनी आज्ञावली, नवा संगणक

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा जिल्हा सहकाराची जन्मभूमी म्हणून ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले. आज अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंतच्या चौदा तालुक्यांत गावोगावच्या सेवा सहकारी संस्था शेतकऱ्याच्या पीककर्जाचा हिशेब सांभाळतात. हा हिशेब आता कीर्द-खतावणीतून संगणकावर येत आहे. देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली. तथापि, जेथे पूर्वीपासून एखादी जुनी आज्ञावली वापरात आहे, तेथे नवा संगणक आणल्यावर एक अनपेक्षित अडचण उभी राहते. इंटरनेट सुरू असते, इतर संकेतस्थळे उघडतात; परंतु जुनी आज्ञावली मात्र दूरच्या सर्व्हरशी जोडली जात नाही.

ही अडचण केवळ तांत्रिक नाही. मुदतीत कर्जफेड करणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते. त्याने भरणा केला, पण त्याची नोंद वेळेवर वर पोहोचली नाही, तर सवलतीसाठी त्याला हेलपाटे घालावे लागतात.

जोडणी का तुटते?

संगणक आणि सर्व्हर यांचे संभाषण गुप्त लिपीत चालते. या लिपीचे नियम ‘टीएलएस’ नावाने ओळखले जातात. त्याची पहिली आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची आहे. पहिल्या दोन आवृत्त्या असुरक्षित ठरल्याने मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद करण्यात आल्या. ज्या आज्ञावलीला केवळ हे जुने नियम ठाऊक आहेत, तिला सर्व्हर दारातूनच परत पाठवितो. संगणक नवा असला तरी आज्ञावलीचे ज्ञान जुनेच राहते.

दुसरे कारण ओळखपत्राचे. सर्व्हरच्या डिजिटल प्रमाणपत्राला मुदत असते. जुन्या आज्ञावलीने विश्वासार्ह संस्थांची यादी स्वतःजवळच ठेवली असेल, तर ती कालबाह्य होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपताच जगभर अनेक जुनी उपकरणे अडली. संगणकाचे घड्याळ चुकले असल्यासही वैध प्रमाणपत्र अवैध भासते.

तिसरे कारण म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. या ब्राउझरवर विसंबून असलेली कामे १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार संपल्यावर अडू लागली.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

सर्वप्रथम माहितीच्या दोन प्रती घ्याव्यात. त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे पडताळावे. त्यानंतर त्याच संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल, तर दोष जोडणीत आहे. उघडत असेल, तर दिनांक व वेळ तपासावी. मग फायरवॉलने आज्ञावलीला अडविले आहे काय, ते पाहावे आणि केवळ त्याच आज्ञावलीला परवानगी द्यावी. जुन्या कार्यालयातील प्रॉक्सीचा पत्ता आज्ञावलीत तसाच राहिला असेल, तर तो बदलावा. इंटरनेट एक्सप्लोररवर चालणाऱ्या कामासाठी एज ब्राउझरमधील त्याच नावाची सोय वापरून पाहावी.

एवढ्याने काम न झाल्यास पडद्यावरील त्रुटीचा संदेश शब्दशः लिहून घ्यावा आणि तो निर्मात्याकडे पाठवून नवी आवृत्ती मागावी. काही आज्ञावल्या विंडोजच्याच सुरक्षा-व्यवस्थेचा उपयोग करतात. अशा वेळी तज्ज्ञाकडून केलेल्या एखाद्या बदलानेही नवे नियम लागू होऊ शकतात. निर्माता उपलब्धच नसेल, तर जुनी आज्ञावली इंटरनेटपासून अलग अशा संगणकावर केवळ जुन्या नोंदी पाहण्यासाठी ठेवावी आणि माहिती नव्या प्रणालीत न्यावी. स्थलांतरानंतर काही सभासदांच्या बाकी रकमा जुन्या खतावणीशी ताडून पाहाव्यात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली नावे युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात. अन्यथा मराठी नावांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात.

हे टाळावे

काम अडले म्हणून फायरवॉल अथवा विषाणूरोधक व्यवस्था संपूर्ण बंद करणे हा उपाय नव्हे. तसेच विंडोज एक्सपीचा जुना संगणक पुन्हा इंटरनेटला जोडू नये. त्याची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासूनच थांबली आहे.

दुरुस्ती होईपर्यंत गटसचिवांनी भरण्याची पावती हाताने द्यावी, कीर्दीत त्याच दिवशी नोंद करावी आणि जोडणी पूर्ववत होताच ती संगणकावर चढवावी. यंत्रे बदलत राहतील. परंतु सभासदाने भरलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद सुरक्षित राहणे, यातच सहकाराची पत आहे.